गाडी थांबते, पण उभी राहते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नांदेडहून लातूरला निघालो की लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे लागतात. बालाघाटाच्या डोंगररांगांमुळे हा रस्ता सरळ सपाट नाही. कुठे चढ, कुठे उतार. काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका कविसंमेलनासाठी मी या रस्त्याने चाललो होतो. गाडी माझ्या भाच्याची. तशी ती साधी, जुनी, छोटी गाडी. पण भाच्याने तिला खाली बसवली होती, रुंद टायर घातले होते, मागे शेपटीसारखा पंख लावला होता. तो तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणत असे आणि घरातले सगळे हसत. त्याचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे मागच्या चाकांचे ब्रेक. कंपनीने दिलेले ड्रम काढून त्याने एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमधून डिस्क ब्रेक बसवून आणले होते. अलॉयच्या चाकांतून लाल रंगाचे कॅलिपर चमकत.

अहमदपूरच्या अलीकडे एका उतारावर चहाचे हॉटेल आहे. तिथे थांबलो. भाच्याने हँडब्रेकचा दांडा वर ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि आम्ही बाकड्यावर जाऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. चहा अर्धा झाला होता. इतक्यात कुणीतरी ओरडले. पाहतो तर गाडी मागे सरकू लागली होती. अगदी हळू, आवाज न करता. मागे पाण्याच्या पिंपाजवळ हॉटेलवाल्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी कपबश्या विसळत बसली होती. तिची पाठ आमच्याकडे होती. आम्ही उठेपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा क्लीनर धावला आणि त्याने आपल्या चाकाजवळचा दगड उचलून आमच्या मागच्या चाकाखाली सरकवला. आपल्याकडे याला उटी लावणे म्हणतात. गाडी थांबली. मुलगी आणि गाडी यांत चार-पाच हातांचे अंतर उरले होते.

भाचा पांढराफटक पडला होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मामू, हँडब्रेक तो मैं खींचा था." आणि ते खरे होते. मी स्वतः आत डोकावून पाहिले. दांडा वरच होता. मग गाडी गेली कशी?

मी कवितेचा माणूस. यंत्रातले मला कळत नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. नांदेडला परतल्यावर देगलूर नाक्याकडच्या एका जुन्या, ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "उस्ताद, हिला हँडब्रेकच नाही." त्या दिवशी आणि पुढे अनेक दिवस त्याच्याकडे बसून, काही वाचून जे समजले ते आज तुम्हाला सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यांतली अनेक तरुण मुले हौसेने गाड्यांमध्ये असे बदल करून घेतात. त्यांच्या घरच्यांनीही हे ऐकावे असे मला वाटते.

प्रत्येक मोटारगाडीत ब्रेकची दोन वेगवेगळी कामे असतात. पहिले काम चालत्या गाडीला थांबवणे. दुसरे काम थांबलेल्या गाडीला जागच्या जागी धरून ठेवणे. पहिले काम पायाचा ब्रेक करतो, दुसरे हाताचा. पहिले काम काही सेकंदांचे असते, पण त्यात जोर प्रचंड लागतो आणि उष्णता निर्माण होते. दुसऱ्या कामात उष्णता नाही, पण ते तासन् तास, रात्रभर, प्रसंगी आठवडाभर चालू राहिले पाहिजे, आणि तेही गाडीत कुणी नसताना.

पायाचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाब पोचवते. हाताचा ब्रेक मात्र बहुतेक जुन्या गाड्यांत तेलाशी संबंध ठेवत नाही. दांडा ओढला की पोलादी केबल ताणली जाते आणि ती मागच्या दोन्ही चाकांतले ब्रेक आवळते. ही वाट मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. तेलाची नळी फुटली तरी केबल शाबूत राहावी, हा त्यामागचा विचार.

भाच्याच्या गाडीत त्या गॅरेजने काय केले होते? ड्रम काढताना त्यातली हँडब्रेकची केबलही काढून टाकली. नवीन कॅलिपरला केबल जोडायची सोयच नव्हती. मग दांड्याच्या मुळाशी एक छोटा सिलिंडर बसवून तो मागच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीत जोडला. दांडा ओढला की तेलाचा दाब वाढतो आणि मागची चाके अडकतात. मोटारींच्या रॅलीमध्ये असा दांडा वापरतात. वळणावर क्षणभर मागची चाके अडकवून गाडी झटकन फिरवायची असते, त्यासाठी तो उत्तम. पण त्याचे काम तेवढेच, क्षणभराचे.

कारण तेलाचा दाब टिकत नाही. आम्ही चढउतारावरून ब्रेक मारत आलो होतो, तेव्हा ब्रेक आणि त्यांतले तेल तापलेले होते. गाडी उभी राहिली, सगळे निवू लागले. तेल थोडे आकसले. रबरी सील सूक्ष्म प्रमाणात झिरपलेही असतील. तेल दबत नाही, म्हणून तर ब्रेकमध्ये वापरतात. पण त्याच गुणामुळे त्याचे आकारमान थेंबभर कमी झाले तरी दाब धाडकन उतरतो. वर दांडा जसाच्या तसा उभा, खाली पकड गेलेली. चहा अर्धा होईपर्यंत आमच्या गाडीचे हेच झाले होते.

आता कुणी विचारेल की, मग चांगल्या गॅरेजवाल्याने डिस्कला सरळ केबल का जोडू नये? इथेच या विषयाची खरी अडचण आहे, आणि ती समजण्यासाठी ड्रम आणि डिस्क यांतला फरक पाहावा लागेल.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पसरट डबा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर लायनर. ब्रेक लावला की शू बाहेर फाकून डब्याला आतून घासतात. यात एक गंमत आहे. दारात लाकडी पाचर अडकवली आणि दार ढकलले की पाचर आणखी घट्ट बसते, तसेच फिरू पाहणारा ड्रम एका शूला स्वतःच आणखी आत ओढून घेतो. गाडी जितकी सरकू पाहील तितकी पकड वाढते. म्हणून ड्रमला हाताने लावलेला थोडा जोरही पुरतो. उभी गाडी धरून ठेवण्याच्या कामात ड्रमचा हात धरणारे दुसरे साधन मिळणे कठीण.

डिस्कचे तसे नाही. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबर आवळते, तशी इथे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडच्या चिमटीत धरली जाते. चकती उघड्यावर असल्यामुळे लवकर निवते, पाणी झटकून टाकते. घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक मारला तरी तिची ताकद सहसा ओसरत नाही. हे तिचे मोठेपण. पण ती पॅडला स्वतःहून ओढून घेत नाही. जेवढे दाबाल तेवढेच ती धरेल.

थोडा हिशेब करून पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ज्या ब्रेकविषयक नियमावलीला युरोपसह अनेक देश मानतात, तिच्यानुसार मोटारीच्या हँडब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर धरून ठेवली पाहिजे. २० टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. हाताने दांडा ओढायला लागणारा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोपेक्षा जास्त नसावा. आता गाडीचे वजन १,००० किलो धरले तर अशा उतारावर ती जवळजवळ २०० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकाने १०० किलो धरायचे. चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर आणि डिस्कवर पॅडची पकड मध्यापासून ११ सेंटिमीटरवर धरली, तर हिशेबाने पॅडला प्रत्येक चाकावर साडेतीनशे किलोहून अधिक दाब द्यावा लागतो. दोन चाकांचा मिळून सातशेच्या वर. हाताचे ४० किलो तिथवर न्यायचे तर १८-२० पट वाढवावे लागतात. केबलच्या घर्षणात वाया जाणारा जोर वेगळाच. साध्या कॅलिपरला नुसती केबल बांधून हे होणार नाही. त्यासाठी आत खास रचना लागते.

जगभरच्या कारखान्यांनी यावर मार्ग काढलेले आहेत. त्यांतले मुख्य पाहू.

पहिला मार्ग म्हणजे कॅलिपरच्या आतच यांत्रिक पकड. तेलाने सरकणाऱ्या पिस्टनच्या पाठीमागे एक आटा आणि बाहेर छोटा दांडा असतो. केबलने दांडा फिरला की आटा पिस्टनला पुढे ढकलतो. जपानच्या माझ्दा एमएक्स-५ या प्रसिद्ध छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये वर्षानुवर्षे हीच पद्धत होती. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून ऑक्टाविया बाहेर पडू लागली. पुढे तिची वेगवान आरएस आवृत्तीही आली. तिच्या मागच्या डिस्कचे कॅलिपर याच जातीचे. असे पॅड बदलताना एक पथ्य पाळावे लागते. पिस्टन शिकंज्याने नुसता आत दाबायचा नाही, योग्य अवजाराने फिरवत फिरवत आत न्यायचा. जोर करून दाबला तर आतला आटा बिघडतो आणि पायाचा ब्रेक ठीक वाटत असताना हाताचा निकामी होतो.

दुसरा मार्ग, डिस्कच्या पोटात ड्रम. चकतीचा मधला भाग टोपीसारखा खोल असतो. त्याच्या आत हँडब्रेकपुरते छोटे शू बसवतात. गाडी थांबवायला बाहेरची डिस्क, धरून ठेवायला आतला ड्रम. जर्मनीच्या पोर्शे ९११ ने अनेक पिढ्या ही रचना वापरली. दोन्ही कामे वेगळी आहेत हे ज्याला पाहायचे असेल त्याने हे चाक उघडून पाहावे. तिसरा मार्ग म्हणजे त्याच डिस्कवर दुसरा एक लहान, फक्त केबलवर चालणारा कॅलिपर. मोठ्या रेसिंग कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसते, तिथे हा उपयोगी पडतो. आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत दांड्याऐवजी बटण असते. ते दाबले की कॅलिपरवरची छोटी विजेची मोटर आटा फिरवते. एकदा आटा बसला की वीज गेली तरी पकड राहते. तिथेही शेवटी धरून ठेवणारा आटाच आहे.

आणखी एक मार्ग आपल्या लोकांनी रोज पाहिला आहे, पण लक्ष दिले नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर होता. तो शाफ्ट अडकला की दोन्ही चाके अडकली. त्यामुळे मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये काहीही बदल केला तरी हँडब्रेकला धक्का लागत नसे. मात्र त्याची एक खोड होती. पंक्चर काढायला मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होऊन जीप घरंगळते. म्हणून जीपचे जुने ड्रायव्हर जॅक काढण्याआधी दगड शोधत. ती त्यांची अंधश्रद्धा नव्हती.

एवढे सगळे ऐकल्यावर एक प्रश्न उरतो. मागे डिस्क बसवायची गरज असते का? जोरात ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली झुकते, हे आपण पाहतो. म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची हलकी होतात. थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, पुढची चाकेच उचलतात. मागच्या चाकांना फार ताकदवान ब्रेक दिले तर ती आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. शिवाय ड्रमच्या छोट्या सिलिंडरपेक्षा कॅलिपरच्या पिस्टनला जास्त तेल लागते. जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पेडल खोल जाऊ लागते. ज्याला ट्रॅकवर गाडी पळवायची आहे त्याला मागच्या डिस्कचा उपयोग होईल. नांदेड-लातूर करणाऱ्याला चांगले लायनर, नीट आवळलेले शू, ताजे ब्रेक ऑइल आणि चांगले टायर एवढे पुरते. मिस्त्रीने भाच्याला हेच सांगितले. "लाल रंगच पाहिजे तर ड्रमला लावून देतो," असेही म्हणाला.

तरीही ज्याला बदल करायचाच आहे त्याने गॅरेजमध्ये जाताना पहिला प्रश्न हँडब्रेकचा विचारावा. नवीन कॅलिपरला केबल कुठे जोडणार? जुनी केबल लांबीला पुरेल का? दांडा जेवढी केबल ओढतो तेवढ्यात कॅलिपरचा दांडा पूर्ण फिरतो का? शक्यतो त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचा पूर्ण संच घ्यावा, म्हणजे कॅलिपर, केबल आणि दांडा यांचे माप एकमेकांना जुळते. काम झाल्यावर आधी पेडल अनेकदा दाबून पॅड जागेवर बसू द्यावेत आणि मगच केबल आवळावी. दांडा खाली सोडला की कॅलिपरचा दांडा पूर्ण मागे यायला हवा. नाही आला तर पॅड घासत राहतात, चाक तापते.

आणि शेवटी चाचणी. आधी चाकाखाली उटी ठेवूनच. मोकळा, निर्जन उतार शोधावा. एकदा गाडीचे तोंड वर, एकदा खाली. एकदा गार ब्रेकवर आणि एकदा तापलेल्या ब्रेकवर. तापलेल्या ब्रेकची चाचणी अर्धा तास तरी करावी, कारण नुसते तेलच नाही, पॅड आणि चकतीही निवताना आकसतात आणि पकड सैल होऊ शकते. आमची गाडी गॅरेजच्या दारात पाच मिनिटे व्यवस्थित उभी राहिली असणार. त्यावरून गॅरेजवाल्यानेही समाधान मानले आणि भाच्यानेही.

कायद्याचेही दोन शब्द. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ वा नियम मोटारगाडीला दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम ब्रेक व्यवस्था हव्यात असे सांगतो, एक पायाची आणि एक पार्किंगची. एकाच तेलाच्या नळीवर दोन्ही टांगल्या तर त्या स्वतंत्र राहिल्या कुठे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते. त्यामुळे काम करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा केलेली बरी. त्याच कायद्याचे १२६ वे कलम मला फार आवडले. सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना इंजिन बंद करून ब्रेक लावावा, किंवा ती आपोआप चालू पडणार नाही असा अन्य उपाय करावा, असे त्यात आहे. त्या क्लीनरने हे कलम वाचलेले नव्हते. पण 'अन्य उपाय' त्याच्या हाताशी होता.

आम्ही कवी लोक ओळीत कुठे थांबायचे याचा फार विचार करतो. यती चुकला की ओळ घसरते, ऐकणारे हसतात, आणि तेवढ्यावर भागते. गाडी घसरली की तेवढ्यावर भागत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अशी हौसेची गाडी आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की वेगाचे कौतुक जरूर करा, पण एकदा मुलाला विचारा, "दांडा ओढल्यावर चाकापर्यंत नेमके काय जाते? केबल की तेल?" त्याला उत्तर देता आले नाही तर गाडी मिस्त्रीकडे न्या.

भाच्याने पुढे मागचे ब्रेक बदलून घेतले. आता त्याच्या गाडीला आटा असलेले कॅलिपर आहेत आणि नवी केबल आहे. उतारावर थांबला की गाडी गिअरमध्ये टाकतो, चाक कडेला वळवतो. डिकीत सागवानी लाकडाची एक उटी असते. लातूरला जाताना आम्ही अजूनही त्या हॉटेलवर चहा घेतो. तो पैसे देण्याआधी एकदा मागे वळून गाडीकडे पाहतो. मीही पाहतो.